दुप्पट खरी, पण कशाची?

दोन महिन्यांपूर्वीं एका रविवारीं सकाळीं आमच्या गांवाकडचा एक तरुण आमच्याकडे आला. चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत तो कंत्राटदाराच्या हजेरीवर काम करतो. बी. ए. झालेला आहे, चार ओळी नीट लिहितो, गणितांतहि कच्चा नाहीं. खिशांतून पगाराचा कागद काढून त्यानें आमच्यापुढें ठेवला व म्हणाला, "अण्णा, एवढं जरा बघा. जादा कामाचे दुप्पट दिलेत असं मुकादम सांगतो. कागदावर दुप्पट लिहिलंयपण. तरी मला कायतरी कमी वाटतंय."

त्याला वाटत होतें तें खरें होतें. कमी थोडेंथोडकें नव्हतें, निम्म्याहून जास्त होतें. हा कागद एकट्या त्याचा असता तर आम्ही त्याच्यावर या आठवड्याचे रकाने भरले नसते. पण असले कागद हजारों घरांत दर महिन्याला येतात, खुंटीला अडकविलेल्या पिशवींत जातात आणि तेथेंच पिवळे पडतात. म्हणून वाचकांनीं आज थोडा आंकड्यांचा कंटाळा सोसावा. गोष्ट पोटाची आहे.

त्या कागदावर पुढील रकमा होत्या (हिशेबाला सोप्या पडाव्या म्हणून आम्हीं त्या किंचित् गोल केल्या आहेत). मूळ पगार ९,३६० रुपये. महागाई भत्ता ६,२४०. घरभाडें भत्ता ३,१२०. प्रवास भत्ता २,०८०. आणि "इतर भत्ता" या मोघम नांवाखालीं ४,१६०. एकूण २४,९६० रुपये. खालीं जादा काम ३६ तास, दर तासीं ७८ रुपये, मिळून २,८०८ रुपये.

हे ७८ आले कोठून? कारकुनानें नुसता मूळ पगार घेतला, त्याला महिन्याच्या ३० दिवसांनीं भागलें, मग ८ तासांनीं भागलें, ३९ रुपये आले, त्याची दुप्पट केली. झालें! दुप्पट झाली, कायद्याचा मान राहिला, मालकाची पेटी शाबूत राहिली.

आतां हाच हिशेब कामगाराच्या बाजूनें मांडूं. हा गडी महिन्याला ३० दिवस काम करतो काय? आठवड्याची सुटी वजा जातां तो २६ दिवस राबतो. २६ दिवसांचे ८ प्रमाणें २०८ तास होतात. २४,९६० ला २०८ नीं भागलें कीं तासाला १२० रुपये येतात. म्हणजे भोंगा होईपर्यंतचा त्याचा साधा तास मालकाला १२० रुपयांना पडतो, आणि भोंगा झाल्यावर, पाठ मोडून आल्यावर, डोळ्यांत झोंप उतरल्यावर तो जो तास काम करतो, तो मालकाला ७८ रुपयांत मिळतो! दुप्पट म्हणून दिलेला दर एकपटीच्याहि खालीं बेचाळीस रुपये आहे. असें ज्याला साधतें तो मालक दुसरा माणूस कामावर कशाला ठेवील?

येथें कायदा काय म्हणतो तें पाहणें जरूर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५९ व्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, कामगारानें एका दिवसांत ९ तासांपेक्षां किंवा एका आठवड्यांत ४८ तासांपेक्षां अधिक काम केलें, तर त्या अधिक तासांना त्याच्या साधारण दराच्या दुप्पट मजुरी द्यावी. आणि साधारण दर म्हणजे काय, हें मालकाच्या मर्जीवर सोडलें नव्हतें. मूळ पगार आणि कामगाराला त्या वेळीं मिळणारे भत्ते हे सारे धरावयाचे, इतकेंच नव्हे तर सवलतीच्या दरानें धान्य मिळत असेल तर त्या सवलतीची रोख किंमतहि धरावयाची. वगळावयाचें तें फक्त बोनस आणि खुद्द जादा कामाचा पैसा. ज्यांनीं हें कलम लिहिलें त्यांना धान्याच्या पायलीचीहि आठवण होती. आमच्या कारकुनाला मात्र महागाई भत्त्याचीहि होत नाहीं! या कलमाप्रमाणें आमच्या तरुणाचा दर १२० च्या दुप्पट, म्हणजे २४० रुपये झाला असता.

पण २१ नोव्हेंबर १९२५ नव्हे, २०२५ या दिवशीं (शतकाची चूक आमच्या हातून झाली ती उगीच नव्हे, हिशेब वाचतां वाचतां मन तिकडेच गेलें) केंद्र सरकारनें चार नव्या कामगार संहिता लागू केल्या. त्यांत जादा कामाला दुप्पट दर कायम आहे, याबद्दल सरकार आपली पाठ थोपटून घेतें. शब्द कायम आहे हें आम्हीहि कबूल करतों. परंतु दुप्पट ज्याची करावयाची तें "वेतन" बदललें. २०१९ च्या वेतन संहितेंत मूळ पगार व महागाई भत्ता वेतनांत येतात. घरभाडें भत्ता, प्रवास भत्ता यांसारख्या ठराविक रकमा बाहेर जातात. बाहेर काढलेल्या रकमा एकंदर मोबदल्याच्या निम्म्यांहून अधिक झाल्या तर वरचा भाग पुन्हा वेतनांत ओढून घ्यावा, अशी एक मेख मारलेली आहे. मूळ पगार मुठीएवढा आणि भत्त्यांची रास दाखविणाऱ्या मालकांना ती बोंचेल, व ती चांगली आहे. पण आमच्या तरुणाच्या कागदावर बाहेर जाणाऱ्या रकमा ५,२०० आहेत, म्हणजे निम्म्याच्या पुष्कळ आंत. तेव्हां त्याला त्या मेखेचा उपयोग नाहीं. "इतर भत्ता" हें नांव वगळण्याच्या यादींत कोठेंच नाहीं, म्हणून तो वेतनांतच धरला पाहिजे असें आमचें मत आहे. तसा धरला म्हणजे वेतन १९,७६० होतें, तासाला ९५ रुपये पडतात, दुप्पट १९०.

तेव्हां एकाच माणसाच्या एकाच जादा तासाचे तीन दर झाले. जुन्या कायद्यानें २४०, नव्या संहितेनें १९०, कंत्राटदाराच्या कागदानें ७८. छत्तीस तासांचे अनुक्रमें ८,६४०, ६,८४० आणि २,८०८ रुपये. सरकारच्या लेखणीनें पन्नास रुपये तासामागें गेले, त्याबद्दल कामगार संघांनीं सरकारशीं भांडावें व तें भांडण मोठें आहे. पण कंत्राटदारानें नव्या कायद्याप्रमाणेंच देणें असलेल्या १९० पैकीं ११२ रुपये ठेवून घेतले, त्याला कोणत्या विधिमंडळाची मंजुरी आहे?

आम्हीं त्या तरुणाला विचारलें, "हा हिशेब तुम्ही कारकुनाला विचारला नाहीं काय?" तो म्हणाला, "विचारला कीं. तो म्हणतो, कॉम्प्युटरमधनंच तसं येतं." वा! पूर्वीं जोशी पंचांगावर बोट ठेवून सांगे कीं हें ग्रहांतच असें आहे, आणि आमचा बाप मान डोलवून दक्षिणा काढून देई. आतां ग्रहांच्या जागीं यंत्र आलें आहे. यंत्राला तीसनें भाग म्हणून कोणी सांगितलें, महागाई भत्ता वगळ म्हणून कोणी सांगितलें, हा प्रश्न मात्र कोणी विचारावयाचा नाहीं. यंत्र बिचारें निरुपद्रवी आहे. त्याला २६ सांगितले तर तें २६ नींहि तितक्याच निमूटपणें भागील. सव्वीसचा आंकडा आम्हीं मनचा काढलेला नाहीं. ग्रॅच्युइटीच्या हिशेबांत महिन्याच्या पगाराला २६ नींच भागावें असें कायद्यांतच लिहिलेलें आहे.

दुसरी लबाडी तासांच्या मोजणींत होते. समजा, एका गड्यानें सोमवारीं ११ तास काम केलें, मंगळवार ते शुक्रवार आठ आठ तास केलें आणि शनिवारीं घरीं कोणी आजारी म्हणून खाडा केला. आठवड्याचे तास भरले ४३. मुकादम म्हणतो, "अठ्ठेचाळीस भरलेच नाहींत, मग जादा कसलं?" हें साफ खोटें आहे. जुन्या कायद्यांत दिवस "किंवा" आठवडा असा शब्द होता; सोमवारचे नवाच्या वरचे दोन तास जादाच. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेंत तर अधिक उघड लिहिलें आहे कीं, जादा तासांची मोजणी दिवसावर किंवा आठवड्यावर, यांपैकीं जी कामगाराच्या फायद्याची असेल तिनें करावी. नव्या कायद्यांतली ही ओळ खरोखर कामाची आहे. ती प्रत्येकानें पाठ करावी, आणि मुकादमाला ऐकूं जाईल अशी म्हणावी. तसेंच जादा काम कामगाराच्या संमतीनेंच घ्यावें, असेंहि त्याच कलमांत आहे. "आज थांबावं लागतंय, गेट बंद केलंय" याला संमती म्हणत नाहींत.

आतां कोणी म्हणेल, दुप्पटच कां? दीडपट कां नाहीं, एकपट कां नाहीं? काम तेंच, यंत्र तेंच, माणूस तोच. या प्रश्नाचें उत्तर शोधावयास थोडें मागें जावें लागतें.

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांत आठवड्याला एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अशा मागण्या होत्या. "दीनबंधु" चे हे संपादक कामगारांसाठीं मागत होते तो दिवस सूर्यानें मोजलेला होता. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली, पण प्रौढ पुरुषाच्या तासांना सरकारी कायद्याची मर्यादा नव्हती. जेथें मर्यादाच नाहीं तेथें जादा कोणतें म्हणावयाचें? पुढें गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचाहि आधार गेला. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. कापडाच्या गिरण्यांतल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्यानें पडली. १९२२ च्या कायद्यानें आठवड्याचे तास ६० केले व जादा कामाला सव्वापट दर बांधला. १९३४ सालीं बारमाही कारखान्यांचे तास ५४ झाले, १९४६ सालीं ४८ झाले, आणि सव्वापटीची दुप्पट झाली. म्हणजे मर्यादा आणि जादा दर या दोन गोष्टी बैलजोडीसारख्या एका जूंखालीं आलेल्या आहेत. एक सोडला कीं दुसरा ओढीत नाहीं.

कारण दुप्पट दर ही कामगाराची बक्षिसी नव्हे. तो मालकाच्या हांवरेपणापुढें घातलेला बांध आहे. हें अत्यंत स्वच्छपणें दिसलें तें २०२० सालीं गुजरातेंत. करोनाच्या टाळेबंदीचें निमित्त करून त्या सरकारनें १७ एप्रिलला हुकूम काढला कीं, कारखान्यांत दिवसाला १२ व आठवड्याला ७२ तास काम घेतां येईल, आणि जादा तासांची मजुरी दुप्पट नव्हे, प्रमाणांत द्यावी. उदाहरणहि हुकुमांतच दिलें होतें: ८ तासांना ८० रुपये मिळत असतील तर १२ तासांना १२० रुपये. ऐकावयास किती सरळ! शाळेंतल्या त्रैराशिकासारखें.

पण हें त्रैराशिक पुढें करून पाहा. तासाला १० रुपये. एक माणूस ७२ तासांचे घेणार ७२० रुपये. दोन माणसें मिळून १४४ तास भरणार, खर्च १,४४०. तेच १४४ तास तीन माणसांकडून ४८ प्रमाणें करून घेतले तरी मजुरी १,४४० च. मजुरी सारखीच पडते, मग तिसऱ्या माणसाचा भविष्यनिर्वाह निधि, कपडे, रजा, बोनस हे खर्च कोण शेट करील? तो तिसरा माणूस घरीं बसला. आतां कायद्याप्रमाणें दुप्पट धरा. प्रत्येकाचे ४८ तासांचे ४८० आणि २४ जादा तासांचे ४८० मिळून ९६०, दोघांचे १,९२०. तीन माणसें ठेवलीं तर १,४४०. आतां मालकाला तिसरा माणूस ठेवणें ४८० रुपयांनीं स्वस्त पडतें. त्या दुपटीच्या पोटांत एका घरची चूल आहे ती ही अशी. १ ऑक्टोबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गुजरात मजदूर सभेच्या अर्जावर तो हुकूम रद्द केला, सांथ म्हणजे कायद्यांतली सार्वजनिक आणीबाणी नव्हे असें ठरविलें, आणि त्या मुदतींत ज्यांनीं जादा काम केलें त्यांना कलम ५९ प्रमाणें मजुरी देण्यास फर्माविलें.

गुजरातच्या सरकारनें जें उघड हुकुमानें केलें व गमावलें, तेंच आमच्या चाकणचा कंत्राटदार एका भागाकारानें दर महिन्याला करतो आणि पचवितो. हुकुमाविरुद्ध न्यायालयांत जातां येतें. भागाकार कोणाच्या डोळ्यांसहि पडत नाहीं.

मालकांचें एक म्हणणें असें कीं, कामगारच आमच्या मागें लागतात, साहेब ओटी द्या म्हणून. तें खोटें नाहीं. आम्हीं स्वतः ऐकलें आहे. गणपतीच्या आधीं, शाळा उघडण्याच्या वेळीं, बहिणीच्या लग्नाच्या सालीं माणसें जादा पाळी मागून घेतात. आठ तासांत घर चालत नाहीं म्हणून तो बारा तास मागतो, यांत त्याची हौस कोठें आली? आणि बारा तासांनंतर तो घरीं जातो तेव्हां पोर निजलेलें असतें, सकाळीं निघतो तेव्हांहि निजलेलें असतें. बायकोच्या जादा तासांचा तर कोणत्याच कायद्यांत रकाना नाहीं. असा तास माणूस विकतो, तर त्याची पुरी किंमत त्याच्या हातीं पडावी, एवढेंच मागणें आहे.

आणि हें मागणें आतां लांबणीवर टाकण्यासारखें राहिलें नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहींतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आमच्या तरुणाचाच दर घेतला तर तासामागें ११२ रुपयांप्रमाणें १४४ तासांत १६,१२८ रुपये होतात. तीन महिन्यांत एका माणसामागें एवढें. एका पाळींत कंत्राटदाराचे किती गडी आहेत, तो गुणाकार ज्याचा त्यानें करावा.

१८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या बाहेर काढून जाळल्या. अक्षरओळख नव्हती, वहींत काय लिहिलें तें वाचतां येत नव्हतें, म्हणून वहीवरच राग निघाला. आजच्या पोरांना वाचतां येतें. आम्ही कागद जाळा म्हणत नाहीं, कागद वाचा म्हणतों. आणि मालकाच्या कागदाशेजारीं आपला एक कागद ठेवा. दहा रुपयांची वही पुरे. तारीख, कामावर आलों ती वेळ, सुटलों ती वेळ, कोणी थांबावयास सांगितलें त्याचें नांव. शेजारच्या यंत्रावरच्या गड्याची सही मिळाली तर सोन्याहून पिवळें. वेतन संहितेप्रमाणें पगाराचा कागद देणें मालकाला भाग आहे. मजुरी कमी मिळाल्याचा दावा तीन वर्षांपर्यंत लावतां येतो. पैसे दिले हें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. आणि अधिकाऱ्याला वाटलें तर बुडविलेल्या रकमेच्या दसपटीपर्यंत भरपाई तो देववूं शकतो. कंत्राटदार हात वर करूं लागला तर मूळ कारखानदारालाहि त्यांतून सुटतां येत नाहीं. एवढी हत्यारें असून तीं म्यानांत गंजतात, कारण दाव्यांत पहिला प्रश्न येतो तो हाच: किती तास, आणि कोणत्या दरानें? तेथें आमचा माणूस "लई केलं साहेब, पण लिहून नाय ठेवलं" म्हणून उभा राहतो.

त्या तरुणाला आम्हीं वरचा हिशेब एका कागदावर मांडून दिला. त्यानें तो स्वतःच्या अक्षरांत पुन्हा उतरून काढला, खालीं सही केली व कंत्राटदाराच्या कचेरींत नेऊन दिला. पोंच मागितली तेव्हां कारकून चकित झाला, पण शिक्का मारून पोंच दिली. गेल्या आठवड्यांत नवा पगाराचा कागद आला. त्यावर दर ७८ चा ९० झाला आहे. म्हणजे तिसांच्या जागीं सव्वीस आले, यंत्राला तेवढी अक्कल सुचली. भत्त्यांचें काय, म्हणून विचारलें तर "वर विचारतों" असें उत्तर मिळालें. पोरगा दुसरा अर्ज लिहितो आहे. त्याच्या ओळींतले आणखी अकरा जण आतां वही ठेवूं लागले आहेत, आणि त्यांतल्या तिघांच्या पगाराचे कागद आमच्या टेबलावर पडले आहेत. त्यांत एकाच्या जादा तासांचा रकाना कोराच आहे.